सातवा टेकू

१

बुधवारी सकाळी बंबखान्याचं दार उघडलं तेव्हा आत सगळं जिथल्या तिथे होतं. हातपंप होता, चामड्याच्या बादल्या खुंटीवर होत्या, शिडी भिंतीला टेकलेली होती. फक्त लाकूड नव्हतं.

आमच्या लेंगमाट गावात चोरी म्हणजे नवलच. इथले लोक एकमेकांचा बांध वर्षाला बोटभर सरकवतील, पण दुसऱ्याची वस्तू उचलणार नाहीत. आणि उचललं काय, तर नदीतून आलेला ओकचा एक काळा ठोकळा! आधी सगळे हसले. मग कुणीतरी लीना झाउगचं नाव घेतलं आणि हसणं थांबलं.

मी मारियाने किप्फर. पुलाच्या तोंडाशी 'अस्वल' नावाची खाणावळ आहे ती माझी. बंबखान्याची किल्ली माझ्या फळीमागच्या खिळ्याला लटकते. ज्याला हवी तो घेतो, परत लावतो, मला विचारण्याची तसदी कुणी घेत नाही. त्यामुळे त्या दिवशी गावप्रमुख लिएख्ती माझ्याकडे असा बघत होता, जणू किल्ली मीच गिळून बसले होते. तेव्हा आधीच सांगते, मी काही चोरलं नाही.

आता पुलाविषयी सांगायला हवं. रोटबाख नदीवरचा आमचा पूल लाकडाचा आहे. वर उतरतं छप्पर, दोन्ही अंगांना फळ्या, आत शिरलं की गोठ्यासारखा वास. अलीकडे आम्ही, पलीकडे श्वांड गाव. चर्च आणि दफनभूमी त्यांच्याकडे, दुधाची डेअरी आमच्याकडे. पूल १८४१ साली बेनेडिक्ट झाउग मिस्त्रीने बांधला. त्याच शरदात गुरं डोंगरावरून उतरली, पहिला कळप पुलावर आला, आणि नदी जिकडून येते त्या वरच्या अंगाचा एक टेकू निसटला. पुलाची फळ्यांची जमीन कलली. अकरा गाई आणि पाच माणसं पाण्यात गेली. पूल मात्र वाचला. टेकू बदलला आणि वरच्या अंगालाच आत एक पाटी लावली: पाच नावं आणि खाली एक ओळ, 'बेनेडिक्ट झाउग मिस्त्रीच्या हलगर्जीपणाचे बळी'.

एकशे सतरा वर्षं ती ओळ तिथे होती. झाउग घराण्यातलं माणूस चर्चला निघालं की पुलाच्या खालच्या अंगाने, भिंतीकडे तोंड करून चालायचं. लहान मुलांनाही कुणी शिकवावं लागत नसे. झाउगाच्या हाताला पुलावर हत्यार लागू द्यायचं नाही, हाही नियम होता. कागदावर कुठे नाही, पण मोडलाही कुणी नाही.

यंदा, म्हणजे १९५८ च्या जुलैत, पूर आला. वरच्या अंगाच्या फळ्या आणि पाटी दोन्ही वाहून गेल्या. पूर ओसरल्यावर नदीच्या गोट्यांत लीना झाउगला तो ठोकळा सापडला. चौसष्ट वर्षांची बाई, घराण्यातली शेवटची. तिने तो हातगाडीवर घालून पंचायतीत आणला आणि म्हणाली, "यावर पटाशीची खूण आहे. हा त्या टेकूचा तुकडा आहे. जाणत्या माणसाला दाखवा, मगच नवी पाटी लावा."

पंचायतीने ठोकळा बंबखान्यात ठेवला आणि रीतीप्रमाणे विसरून गेली. नवी पाटी मात्र रंगवून झाली, जुन्या ओळीसकट. ती येत्या रविवारी लागणार होती.

त्या बुधवारी लीना माझ्या दारात येऊन उभी राहिली. आत येत नव्हती.

"मारियाने, लोक म्हणतात मीच जाळलं. माझ्या पणजोबाचं पाप त्यावर लिहिलेलं होतं म्हणून."

"लोकांना दुसरा धंदा नाही. तू आत ये."

"रविवारी ती ओळ लागली की माझ्या हयातीत निघत नाही. आणि मेल्यावर माझी पेटीसुद्धा तिच्याच खालून न्याल ना तुम्ही?" हे म्हणतानाही तिचा आवाज कापला नाही. तेच मला सहन झालं नाही.

मी मागे वळून हाक मारली, "श्टुकी! तुमची न्याहारी झाली असेल तर जरा बाहेर या."

२

अल्फ्रेड श्टुकी चाळीस वर्षं चीज-तपासनीस होता. तळघरातल्या चीजच्या चाकांवर छोट्या हातोडीने टकटक करायची, कान लावायचा आणि आत भेग आहे की नाही ते सांगायचं, हे त्याचं काम. आता निवृत्त झाला होता, पण हातोडी खिशात असायची. दर ऑक्टोबरला माझ्याकडे दोन आठवडे राहायचा आणि माझ्या बटाट्यांना नावं ठेवून दोनदा वाढून घ्यायचा. दोन्ही गावांत त्याचा कुणी नातेवाईक नव्हता. लिएख्तीने त्याला तपासाला नेमलं ते याच एका गुणावर.

"चीज काय नि माणूस काय," श्टुकी म्हणाला, "बाहेरून छानच दिसतं. किल्ली कोणी कोणी नेली होती?"

"सोमवारी संध्याकाळी रेबर गुरुजींनी," मी म्हणाले. "त्यांना वाटलं मी पाव कापतेय."

रेबर गुरुजी म्हणजे आमच्या शाळेचे मास्तर आणि पुलाचे इतिहासकार. त्यांचं 'आमचा पूल' नावाचं पुस्तक नुकतंच छापून आलं होतं. तीनशे प्रती शाळेच्या माळ्यावर होत्या. आम्ही गेलो तेव्हा ते फळा पुसत होते.

"किल्ली? मी? मला काय करायचंय बंबखान्यात?"

"गुरुजी," श्टुकी बाकावर बसत म्हणाला, "बाईंनी तुम्हाला बघितलंय."

गुरुजी माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांची जुनी नापास विद्यार्थिनी होते. मी होतेच.

"बरं, नेली," ते म्हणाले. "सोमवारी नेली, अर्ध्या तासात परत लावली. तेव्हा लाकूड तिथेच होतं. मी फक्त त्याचं चित्र काढलं."

"मग लपवलंत का?"

गुरुजी खडू बोटांत फिरवत बसले. "पुस्तकात मी झाउगचा दोष ठामपणे लिहिलाय. लिहिण्याआधी तपासलं नाही. जे सगळे म्हणत आले तेच लिहिलं. उद्या त्या लाकडावरून वेगळंच निघालं तर माझी शोभा होईल. तीनशे प्रती आहेत हो!"

"म्हणजे लाकूड नाहीसं झालं हे तुमच्या पथ्यावर पडलं."

"पडलं. पण मी ते हलवलं नाही. मला तर ते हलेचना."

गुरुजींचे दंड बघता हे पटण्यासारखं होतं. त्यांनी टेबलाच्या खणातून चित्र काढून दिलं. ओकचा ठोकळा, एक टोक तुटलेलं, दुसरं टोक शाबूत. शाबूत टोकावर तिरका, गुळगुळीत घासलेला पट्टा, आणि बाजूला खोल कोरलेला रोमन सात. बस. दुसरी रेघ नाही.

"हा पट्टा कशाचा?"

"पाचर ठोकलेली असावी. पाचर घासून घासून असा गुळगुळीतपणा येतो. मला सुतारकामातलं फार कळत नाही."

"आणि इतिहासातलं?" श्टुकीने विचारलं. "झाउगनंतर पूल कुणाकडे गेला?"

"व्युट्रिखांकडे. बापाकडून मुलाकडे. आता गॉटफ्रीड पूलमिस्त्री आहे. अपघाताच्या दिवसाची एक नोंद आहे पंचायतीच्या वहीत. झाउगने एवढंच म्हटलं: 'मला खुणा बघू द्या.' त्याला पुलावर जाऊ दिलं नाही."

"आणि हे पुस्तकात घातलंत?"

गुरुजी पुन्हा फळा पुसायला लागले. फळा आधीच स्वच्छ होता.

३

गुरुवारी आम्ही लीनाकडे गेलो. गावाचा आरोप साधा होता: मंगळवारी दिवसभर तिच्या धुराड्यातून धूर निघत होता. ऐन दुपारी, उन्हाचा, एवढा धूर कशाला?

"नासपती वाळवत होते," लीना म्हणाली आणि भट्टीवरचं ताट पुढे केलं. सुरकुतलेल्या काळपट फोडी होत्या. श्टुकीने एक तोंडात टाकली, मग दुसरी टाकली.

"तीन महिन्यांपूर्वी नदीतून काढलेला ओक चुलीत घातला," तो चावत म्हणाला, "तर खोलीतलं माणूस आधी गुदमरेल. लाकूड नंतर पेटेल. तुम्ही जिवंत आहात, म्हणजे जाळलं नाहीत. तुमच्या पणजोबांची काम करायची रीत काय होती, ठाऊक आहे?"

लीनाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी लाली आली. या विषयावर तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"पूल आधी माळावर आडवा जोडायचे. प्रत्येक लाकूड त्याच्या जागेपुरतंच कापलेलं. मग प्रत्येकावर पटाशीने आकडा कोरायचा, सगळं सुटं करायचं आणि नदीवर नेऊन आकडे बघत पुन्हा उभं करायचं. माझे बाबा सांगायचे, पणजोबा म्हणे की खुणा बघून बायासुद्धा पूल उभा करतील." ती थांबली. "मला ते आवडायचं नाही, पण असं म्हणायचे खरं."

"आणि उभारणीच्या वेळी ते कुठे होते?"

"अंथरुणात. ओंडक्याखाली पाय सापडला होता. महिनाभर उठले नाहीत. पूल उभा केला तो हाताखालच्या मुकादमाने."

"मुकादमाचं नाव?"

"ते आमच्या घरात कुणी सांगितलं नाही. दुसऱ्याकडे बोट दाखवलं तर लोक आणखी चिडतील म्हणून असेल." ती ताटातल्या फोडी सारख्या करत राहिली. "श्टुकी, मला खरं सांगा. त्या खुणेवरून पणजोबाच चुकले असं निघालं तर?"

"तर मी तेच सांगेन."

"सांगा. पण सांगा. नुसतं ऐकून घ्यायचं, हेच केलंय आम्ही जन्मभर."

बाहेर पडल्यावर मी श्टुकीला म्हणाले, "किती कोरडे आहात तुम्ही! थोडा धीर दिला असता तर काय बिघडलं असतं?"

"धीर रविवारपर्यंत टिकला नसता," तो म्हणाला. "चला, पुलाकडे. मला मिस्त्रीला भेटायचंय."

४

गॉटफ्रीड व्युट्रिख पुलाच्या मधोमध गुडघ्यावर बसून फळी बसवत होता. पन्नाशीचा, बैलासारखा माणूस, बोलायला गोड. आमच्या पुलात लोखंडाचा एक खिळा नाही. सगळं लाकडी खुंट्यांनी जोडलेलं. भोक पाडायचं, ओकची खुंटी ठोकायची, वरून सफाईदार कापायची. गॉटफ्रीडसारखी खुंटी या खोऱ्यात कुणी ठोकत नाही, हे मी त्याच्या तोंडावर कधी सांगणार नाही.

"या या, चीजसाहेब! पुलात भेगा शोधताय?"

"सापडल्या तर सांगेन," श्टुकी म्हणाला. "ठोकळा कुणी नेला असेल, तुम्हाला काय वाटतं?"

"बिचारी लीना," गॉटफ्रीडने मान हलवली. "माझा तिच्यावर राग नाही हो. आपल्या रक्ताची लाज कुणाला वाटत नाही? मी तिच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं."

"काय केलं असतं?"

"नाहीसं केलं असतं."

श्टुकी पुलाच्या वरच्या अंगाने चालत गेला. तिकडे पुराने फळ्या नेलेल्या. नदी, आभाळ, सगळं उघडं. पाऊस आला की याच अंगावर येतो. तो प्रत्येक टेकूपाशी थांबला, हात फिरवला, रुमालाने पुसला. मग खालच्या अंगाने परत आला. तिकडे बाहेरून सगळं बंद होतं, पण टेकूंवरचे आकडे आतून दिसत होते. सातव्या टेकूवर मात्र नवी कोरी फळी होती, अजून राळेचा वास येत होता.

"ही कधी बसवलीत?"

"मंगळवारी. इथे गाड्यांची चाकं घासतात, म्हणून या टेकूवर फळी असते. जुनी पुरात उखडली होती."

"वरचं अंग उघडं टाकून आधी ही?"

"सावलीत काम बरं वाटतं," गॉटफ्रीड हसला.

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. टेकूंवर कोरलेल्या आकड्यांत तर मुळीच नाही. मी मनात रात्रीच्या जेवणाचा हिशेब मांडत होते. श्टुकीने मात्र हातोडी काढली आणि त्या फळीच्या खुंट्यांवर एकेक टकटक केली. मग शेजारच्या भिंतीच्या जुन्या फळीवर. मग पुन्हा या नव्या फळीवर.

वाटेत तो म्हणाला, "मारियाने, मंगळवारी संध्याकाळी गॉटफ्रीड तुमच्याकडे आला होता?"

"रोजच येतो. बिअर घेतो, सगळ्यांना नमस्कार करतो."

"त्या दिवशी काही वेगळं?"

मी आठवून पाहिलं. "हात काळे होते. निळसर काळे, पार नखांपर्यंत. मी म्हटलं, अरे, हात धुऊन तरी यायचं! तर म्हणाला अक्रोड सोलत होतो. म्हटलं माझीही तीच गत. हे बघा." मी माझे हात दाखवले. गेल्या शनिवारी मी दोन टोपल्या अक्रोड सोलले होते. सालीच्या रसाने बोटं अजून तपकिरी होती. साबण, राख, चुना, सगळं करून झालं होतं.

श्टुकी रस्त्याच्या मधोमध थांबला.

"आज त्याचे हात कसे होते?"

मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. गॉटफ्रीडचे हात आज पांढरे स्वच्छ होते.

५

शनिवारी दुपारी चार वाजता श्टुकीने सगळ्यांना पुलावर बोलावलं: लिएख्ती, गुरुजी, लीना, गॉटफ्रीड. मी न बोलावताच आले. नवी पाटी लिएख्तीच्या काखेत होती, कापडात गुंडाळलेली. लीना सवयीने खालच्या अंगाला, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"थोडक्यात सांगतो," श्टुकी म्हणाला. "मारियानेबाईंचं सूप गार होतंय. अक्रोडाचा डाग पंधरा दिवस हातावरून जात नाही. ज्याचा डाग दोन दिवसांत गेला, त्याने अक्रोड सोललेच नव्हते. ओल्या ओकला पोलादी हत्यार लावलं की हात निळेकाळे होतात. लिंबाने, व्हिनेगरने धुतले की जातात. हे कुठल्याही सुताराला ठाऊक असतं. मंगळवारी या गावात ओला ओक एकच होता."

"मी खुंट्या तासत होतो," गॉटफ्रीड म्हणाला. "माझा धंदाच आहे तो."

"खुंटी कधी ओल्या ओकची करतात का, मिस्त्री? सुकली की सैल होते. तुम्ही नेहमी वाळलेल्या लाकडाच्या करता. तुमच्या बाकी सगळ्या खुंट्या ठण् वाजतात. या फळीतल्या आठ मात्र बद्द वाजतात." त्याने हातोडीने एकीवर टकटक केली. "आणि कापलेली टोकं बघा. तुम्ही वरून माती चोळलीत. पुसा."

लिएख्तीने अंगठ्याने पुसलं. खाली लाकूड कोळशासारखं काळं होतं. नदीत शंभर वर्षं पडलेला ओक असाच होतो.

"म्हणजे तो ठोकळा..." गुरुजी पुटपुटले.

"या पुलातच आहे. खुंट्या होऊन."

लीना अजून भिंतीकडेच तोंड करून होती. ती म्हणाली, "मग खूण गेली."

"गेली," श्टुकी म्हणाला. "पण गुरुजींनी चित्र काढलं होतं. त्यांनी घाबरून लपवलं ते बरंच झालं. मिस्त्रींना त्याचा पत्ता लागला नाही. चित्रात सात आहे, नुसता सात. आता पुलावरच्या बाकीच्या खुणा बघा. वरच्या अंगाच्या प्रत्येक टेकूवर आकड्याच्या डोक्यावर एक छोटी रेघ आहे, शेंडीसारखी. सहाला आहे, आठला आहे. खालच्या अंगाला एकालाही शेंडी नाही. डावं-उजवं कळावं म्हणून झाउग मिस्त्रीने केलेली ही खूण. वरचा सातवा टेकू १८४१ मध्ये बदललेला, त्यावर काहीच नाही. म्हणजे निसटला तो तिथलाच. पण निसटलेल्या लाकडावर शेंडी नव्हती."

"म्हणजे ते खालच्या अंगाचं लाकूड होतं?" लिएख्तीने विचारलं.

"हो. आणि ते वरच्या अंगाला बसवलेलं होतं. मी दोन्ही जागा दोरीने मापल्या. हा पूल जरा तिरका आहे, दोन्ही अंगं सारखी नाहीत. सातव्याला वरची जागा दोन बोटं जास्त लांब आहे. तिथे खालचा, आखूड टेकू लावला तर दोन बोटांची फट राहते. उभारणाऱ्याने चूक बघितली असेल किंवा नसेल, पण पुन्हा सगळं उतरवायचा कंटाळा केला आणि फटीत पाचर ठोकली. पाचरीचा घासलेला पट्टा चित्रात आहे. पहिला कळप आला, पूल हलला, पाचर सरकली."

खाली नदी वाजत होती.

"पण हे सगळं माझ्या डोक्यातलं," श्टुकी पुढे म्हणाला. "पुरावा एकच. दोन टेकूंची अदलाबदल झाली असेल, तर दुसरा, शेंडीवाला, लांब सात खालच्या अंगाला असला पाहिजे, टोक तासून आखूड केलेला. तासलेलं लाकूड घट्ट बसतं, म्हणून तो पडला नाही. तो आजही उभा असेल." त्याने नव्या फळीवर हात ठेवला. "याच्या मागे. मिस्त्री, फळी काढता की मी काढू? मला खुंट्या काढता येत नाहीत, मी पूल बिघडवीन."

गॉटफ्रीड हत्यारांच्या खोक्याकडे गेला. मग त्याने खोक्यातून ठोकणी काढली.

आठ खुंट्या त्याने एकेक करून मागून ठोकून काढल्या. एकही फुटली नाही. फळी उतरवली, बाजूला नीट उभी केली. खाली चिखलाने माखलेला जुना टेकू होता. लिएख्तीने पाटीवरचं कापड ओढलं आणि त्यानेच तो पुसला.

रोमन सात. डोक्यावर शेंडी.

६

"आमच्या घरात बाप मुलाला सांगतो," गॉटफ्रीड म्हणाला. त्याचा गोड आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "खालच्या सातव्या टेकूला हात लावायचा नाही, त्यावरची फळी कधी उघडी ठेवायची नाही. का, ते शेवटच्या आजारात सांगतात. माझ्या बापाने मला सांगितलं तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. मुकादम म्हणजे माझा पणजोबा." तो लीनाकडे वळला नाही, टेकूशीच बोलत होता. "पुरात फळी गेली. चिखल होता म्हणून कुणाला दिसलं नाही. तुझा ठोकळा बंबखान्यात पडून होता तोवर मी गप्प होतो, विसरतील म्हटलं. सोमवारी गुरुजींनी किल्ली नेलेली मी पाहिली. मग भीतीच वाटली. त्याच रात्री बिअर पिऊन उठताना मीही किल्ली नेली, सकाळी परत लावली."

"जाळला का नाहीस?" लिएख्ती ओरडला. "जाळून टाकला असतास तर कुणाला कळलं असतं?"

गॉटफ्रीडने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने काही घाणेरडं सुचवलं होतं. "इतका जुना ओक? ओक कोण जाळतं?"

मला हसूही आलं आणि त्याचा संतापही आला. तीस वर्षं एका बाईला मान खाली घालून जाताना बघवलं याला, लाकूड वाया गेलेलं बघवलं नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. त्याने काढलेल्या खुंट्या गोळा करून खोक्यात ठेवल्या.

लीना आता भिंतीकडून वळली होती. ती टेकूपाशी आली, खाली वाकली आणि खुणेत बोट घातलं. सातच्या खोबणीतून हळूहळू बोट फिरवलं, मग शेंडीवरून.

"दर रविवारी मी याला घासून जात होते," ती म्हणाली. "पाटी बघायला लागू नये म्हणून याच अंगाने. चौसष्ट वर्षं." आणि मग ती रडली, मोठ्याने, कुणाची पर्वा न करता. गुरुजींनी टोपी काढली. मला ते पाहून माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, आणि ते कुणी बघू नये म्हणून मी सूप बघायला निघून गेले.

तासाभराने लिएख्ती खाणावळीत आला. म्हणाला, ओळ खरवडून टाकायची हे ठरलं. मग लीनाला विचारलं, त्या जागी खरं नाव घालू का? व्युट्रिख मुकादमाचं?

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पाच नावं पुरे आहेत."

रविवारी चर्चची घंटा झाली तेव्हा अर्धं लेंगमाट पुलाच्या तोंडाशी उभं होतं, उगाच. पाटी वरच्या अंगाला लागली होती. पाच नावं, आणि खाली ताज्या खरवडलेल्या लाकडाचा एक पांढरा पट्टा. लीना काळ्या पोशाखात आली. क्षणभर तिचे पाय सवयीने खालच्या अंगाला वळले. मग ती थांबली, वरच्या अंगाने गेली, पाटीसमोर उभी राहिली आणि पाचही नावं मोठ्याने वाचली. ती तिने आधी कधी वाचलीच नव्हती.

तिच्या मागून गॉटफ्रीड आला, एकटाच. लोकांनी त्याला वाट दिली, जरा जास्तच दिली. तो मान खाली घालून खालच्या अंगाला सरकला आणि भिंतीकडे तोंड करून चालायला लागला.

लीनाने मागे वळून पाहिलं.

"गॉटफ्रीड," ती म्हणाली, "इकडून ये. तिकडे अंधार असतो."